अडीच किलोचं अंथरूण

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे 'मिलिग्रॅम' म्हणायचे. तोंडावर 'साहेब', पाठ वळली की मिलिग्रॅम. आमचं ऑफिस वजनमापांचं, म्हणजे बाजारातले तराजू आणि वजनं तपासून त्यांवर शिक्के मारणारं. सीबीएस बसस्टँडपासून पाच मिनिटांवर, एका सरकारी इमारतीच्या मागच्या अंगाला. मी तिथे कनिष्ठ लिपिक म्हणून लागले तेव्हा ते निरीक्षक होते. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या टेबलावरचा जेवणाचा डबा उचलला, हातात जरा झुलवला आणि म्हणाले, "बाई, चारशे ऐंशी. डब्यासकट."

मला वाटलं, हा काय प्रकार! शिपायाने सवयीने डबा नेला, तराजूवर ठेवला. चारशे ब्याऐंशी भरला. साहेबांनी दोन ग्रॅमसाठी माझी माफी मागितली आणि पुढे आठवडाभर ते मनाला लावून घेतलं.

तर असा माणूस. उंची बेताची, मिशी बेताची, आवाजही बेताचा. बेतात नव्हता तो फक्त प्रामाणिकपणा. तपासणीला निघाले की स्वतःचं पाणी, स्वतःचा थर्मास. मेन रोडच्या दुकानदारांनी त्यांना चहा विचारणं कधीच सोडून दिलं होतं. संक्रांतीला सगळं गाव तिळगूळ वाटत फिरायचं आणि हे भद्रकालीच्या बाजारातून हात मागे बांधून चालायचे. एकदा मखमलाबादच्या एका भाजीवाल्या बाईने जीपमध्ये मागच्या सीटवर कोथिंबिरीची जुडी टाकली. ऑफिसात आल्यावर साहेबांना ती सापडली. संध्याकाळी सायकल काढून माणूस मखमलाबादला!

"ओ साहेब," ती बाई म्हणाली म्हणे, "एका जुडीपायी एवढी सायकल हाणली व्हय? आता ती पार कोमेजली. गाय खाईल."

"खाऊ द्या," साहेब म्हणाले. "पण वजन करून घाला. सुकून तूट आली असेल."

आम्ही हसून हसून बेजार झालो होतो. असल्या माणसाबरोबर नोकरी करणं मात्र हसण्यासारखं नव्हतं. त्यांच्यामुळे अख्ख्या ऑफिसाला दिवाळीला साधी सोनपापडी कुणी दिली नाही. बदल्या तर त्यांच्या ह्याआधी इतक्या झाल्या होत्या, की वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघरातले डबे फळीवर मांडायचंच विसरून गेल्या होत्या. खोक्यातूनच तांदूळ काढायच्या.

पण त्यांच्या हाताचं कौतुक करावंच लागेल. सुरगाण्याकडच्या एका आठवडे बाजारात मी एकदा त्यांच्याबरोबर पंचनामा लिहायला गेले होते. डोंगरातली एक म्हातारी खुरासणी, म्हणजे कारळे, विकायला आली होती, आणि एक व्यापारी तराजूत ती तोलून घेत होता. दोन किलोचं वजन एका पारड्यात, खुरासणीचं गाठोडं दुसऱ्यात, काटा अगदी मधोमध. साहेबांनी गाठोडं उचललं, एकदा झुलवलं.

"हे दोन किलो नाही. दीडशे ग्रॅम जास्त आहे."

"साहेब, काटा समोर दिसतोय की," व्यापारी म्हणाला.

साहेबांनी वजनाच्या पारड्याखाली बोटं फिरवली. खाली मेणाने चिकटवलेला शिशाचा गोळा होता, वर काजळी फासलेली. विकणारा लबाडी करतो ती कमी देण्याची. हा घेणारा होता, म्हणून ह्याची लबाडी जास्त घेण्याची. गोळा आमच्या तराजूवर ठेवला तर बरोबर दीडशे ग्रॅम! म्हातारी बघतच राहिली. "मंग माझी खुरासणी वाढली का, साहेब?"

"वाढली नाही, आजी. आजवर कमी मोजली."

तो गोळा चिठ्ठी बांधून आमच्या जप्तीच्या कपाटात गेला. कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग अंथरुणाचं खूळ सुरू झालं.

निवृत्तीला तीन-चार वर्षं असतील, तेव्हा साहेबांनी जाहीर केलं, की निवृत्तीनंतर ते आणि वहिनी पायी नर्मदा परिक्रमा करणार. ओंकारेश्वरहून निघायचं, नदीच्या एका काठाने जायचं आणि दुसऱ्या काठाने परत यायचं, मध्ये नदी ओलांडायची नाही. चार-पाच महिन्यांची चाल, तीही ऐन थंडीत. आम्हाला आधी खरंच वाटेना. देवाचं नावसुद्धा हे शिक्का मारल्याशिवाय घेणार नाहीत, असा आमचा समज. पण मग कळलं, संकल्प वहिनींचा. ह्यांच्याकडे फक्त सामान.

आणि सामानातलं अंथरूण-पांघरूण अडीच किलोच्या आत बसवायचं, हा साहेबांचा कायदा. अडीचच का? कुणी विचारलं नाही. मिलिग्रॅमला कोण विचारतंय!

झालं! दर सोमवारी ऑफिसात एक नवं पांघरूण यायचं आणि जेवणाच्या सुट्टीत तराजूवर चढायचं. धनगराची घोंगडी आली आणि वजनावरच नापास झाली. देवळालीच्या जुन्या बाजारातून लष्करी झोपायची पिशवी आली. ती तर पारड्यात मावेना. भद्रकालीतल्या पिंजाऱ्याला त्यांनी चारशे ग्रॅम कापसाची रजई भरून मागितली. पिंजाऱ्याने मान हलवली. "साहब, चार सौ ग्राम में रजई नहीं बनती. गुडिया का बिस्तर बनता है."

सगळ्यांवर कडी केली ती पिंपळगावच्या शीटने. तिकडे द्राक्षांच्या पेट्यांत हवेच्या फुग्यांची प्लास्टिकची शीट घालतात. साहेबांनी तीच सात फूट आणली, अर्थात रीतसर पावतीसकट. वजन नगण्य! साहेब इतके खूश मी कधी पाहिले नव्हते. दुपारी जेवण झाल्यावर चाचणी म्हणून रेकॉर्ड रूममध्ये जमिनीवर शीट पसरून आडवे झाले. नेमके त्याच वेळी मुंबईचे बडे साहेब अचानक तपासणीला आले. आतून फट... फट... फटाफट! बडे साहेब दचकले. "आत काय चाललंय?"

आता काय सांगणार? "जुन्या फायली आहेत साहेब, उंदीर झालेत," असं मी ठोकून दिलं. तेवढ्यात दार उघडून मिलिग्रॅम बाहेर आले आणि म्हणाले, "उंदीर नाहीत. मी होतो. कूस बदलत होतो."

माझं तोंड बघण्यासारखं झालं. घरी वहिनींना हा किस्सा कळल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "द्राक्षं बरी. ती कूस बदलत नाहीत."

एकदा तर त्यांनी दिंडोरीला द्राक्षाच्या छाटणीसाठी आलेल्या पेठ तालुक्यातल्या मजुराला गाठलं. थंडीत उघड्यावर झोपणारा माणूस म्हणजे ह्यांच्या मते तज्ज्ञ.

"अंगावर काय घेता?"

"शेकोटी."

"आणि खाली?"

"भुई."

साहेबांनी वहीत लिहिलं, 'एकूण शून्य', आणि खाली दोन रेघा ओढल्या. ती वही त्यांनी मला किती अभिमानाने दाखवली होती, काय सांगू!

मी एकदा न राहवून म्हटलं, "साहेब, तिकडे आश्रमात घोंगड्या देतात म्हणे. माझी मावससासू जाऊन आली. वाटेत लोकसुद्धा बोलावून बोलावून देतात."

"देतात," साहेब म्हणाले. "आपण घ्यायच्या का, हा प्रश्न आहे."

"अहो, तीर्थयात्रेत कसली लाच!"

"लाच नसेल. पण दुसऱ्याच्या पांघरुणात मला झोप येत नाही, बाई."

मी कपाळावर हात मारून घेतला. ह्या माणसाला नर्मदामाईसुद्धा काही देऊ शकणार नाही, असं मी तेव्हा सगळ्यांसमोर बोलले होते. सगळे हसले होते. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

कारण पुढच्याच संक्रांतीला मी गंगापूर रोडला त्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेले. बाकीच्या बायका गेल्या, मी मागे रेंगाळले. वहिनी उजव्या हाताने वाण देत होत्या, डावा हात पदराखाली. मी सहज म्हटलं, "वहिनी, साहेबांच्या अडीच किलोने आमचा जीव घेतलाय हो. दोन-दोन किलोचं दोघांनी उचललं तर कुठे बिघडतं?"

"दोघांनी नाही गं," वहिनी म्हणाल्या. "मला उचलायची बंदी आहे." आणि पदर सारून हात दाखवला. खांद्यापासून मनगटापर्यंत सुजलेला. सहा वर्षांपूर्वी छातीची गाठ काढली होती, काखेतही कापलं होतं. त्या हाताने भरली बादली उचलायची नाही, खांद्यावर पट्टा घ्यायचा नाही. ऑपरेशनला नेत होते तेव्हा त्या स्ट्रेचरवरून साहेबांना म्हणाल्या होत्या, बरी झाले तर मला परिक्रमेला न्या. साहेब हो म्हणाले होते.

"आणि ह्यांचीही पाठ गेलेली," वहिनी सांगू लागल्या. "वणीच्या बाजारात वजनांची पेटी उचलताना मणका सरकला होता ना? डॉक्टरांनी सांगितलंय, आठ किलोच्या वर पाठीवर काही घ्यायचं नाही. दोघांचे कपडे, औषधं, एक पातेलं, पाणी, पूजेचं, असं सगळं साडेपाच होतं. मग दोघांच्या झोपण्याला उरले किती?"

अडीच किलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही ज्याला तीन वर्षं खूळ म्हणत होतो तो एका म्हाताऱ्या पाठीवर दोघांचा संसार बसवण्याचा हिशेब होता.

"मधल्या जंगलात ह्यांची पाठ धरली तर मी ह्यांना उचलणार कशी?" वहिनी म्हणाल्या. "त्याचीच धास्ती आहे त्यांना. बोलत नाहीत एवढंच."

त्यानंतर मी कधी त्यांना मिलिग्रॅम म्हटलं नाही. बाकीच्यांना सांगितलंही नाही, कारण वहिनींनी शपथ घातली होती.

साहेब निवृत्त झाले. पण दर सोमवारी पिशवी घेऊन ऑफिसात येणं चालूच. नवे निरीक्षक त्यांना इतके टरकून असायचे, की ते आले की स्वतःच बाहेर चहाला जायचे. साहेबांनी मात्र निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून वजनांना हात लावला नाही. "आता मी सामान्य नागरिक. वजनं तुम्ही ठेवायची," असं मला म्हणाले. तराजू रिकामा असताना काटा मधोमध आहे ना, तेवढं बघायचे आणि बाजूला उभे राहायचे.

पहिलं वर्ष असंच गेलं. दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या आसपास सगळं जमत आलं. वहिनींना पातळ लोकरीची धाबळी, साहेबांना सुती चादर, खाली दोघांत मिळून फोमची पातळ शीट. साहेबांनी धाबळीच्या दशा कापल्या, चादरीची दुमड उसवली, कापडावरची कंपनीची पट्टीसुद्धा ब्लेडने काढली. तरी जास्तच भरत होतं. मग स्वतःची चादर त्यांनी गुडघ्यापासून खाली कापून टाकली. "पायमोजे आहेत," म्हणाले. एवढं करून सगळं मिळून किती भरलं? दोन किलो सहाशे पन्नास.

"साहेब, दीडशे ग्रॅमने काय होतंय?" मी म्हटलं. "आपल्याकडे वजनाला चूक माफ असते ना थोडी?"

"दोन-चार ग्रॅमची असते, बाई. दीडशेची नसते." मग बराच वेळ ते धाबळीवरून हात फिरवत राहिले. "आता कापण्यासारखी एवढीच राहिली. हिच्या पांघरुणाला मी कात्री लावणार नाही."

"मग?"

"मग पुढच्या वर्षी. तोवर हलकं काहीतरी मिळेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी एकट्याच रिक्षाने ऑफिसात आल्या. माझ्या समोरच्या खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरांनी पुन्हा सगळ्या तपासण्या करायला सांगितल्यात. मला दुसरीकडे काहीतरी लागतंय हाताला. ह्यांना अजून बोलले नाही."

मी समोरचं रजिस्टर मिटलं.

"पुढचं वर्ष मला नको सांगूस," त्या म्हणाल्या. "यंदा गेलो तर गेलो. तुझ्या त्या तराजूला जरा समजावून सांग ना गं."

बाई गं! वजनमापांच्या ऑफिसात बसून वजनात खोट करायची! नोकरी जाईल ती जाईल, वर साहेबांची पाठ मोडली तर? रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी मी जप्तीचं कपाट उघडलं आणि तो शिशाचा गोळा बाहेर काढला. खटला केव्हाच निकाली निघाला होता, गोळा नुसता पडून होता. दीडशे ग्रॅम. देवानेच ठेवला असावा, असं मी मनाला समजावलं. घरून देवघरातलं कुंकवाचं मेण आणलंच होतं.

सोमवारी दोघं आले. साहेबांनी रिकामा तराजू पाहिला, काटा मधोमध. मान डोलावली. तेवढ्यात ठरल्याप्रमाणे वहिनी दारातून म्हणाल्या, "अहो, गाठोड्याची दोरी सुटलीय बघा." साहेब वळले. मी गोळा वजनाच्या पारड्याखाली दाबला, वर दोन किलो आणि पाचशे ग्रॅम ठेवले. घाईत पाचशेचं वजन दोनदा निसटलं. साहेबांनी दोरी बांधली, गाठोडं दोन्ही हातांनी उचललं, जरा थांबले आणि पारड्यात ठेवलं. काटा हलला, डुलला आणि मधोमध उभा राहिला.

साहेब काट्याकडे बघत राहिले. मी भिंतीकडे. वहिनी आमच्या दोघांकडे.

"अडीच," साहेब म्हणाले. "मागच्या सोमवारी जास्त भरलं होतं."

"तेव्हा पावसाळी हवा होती, साहेब. लोकरीने ओल धरली असेल," मी म्हटलं.

"असेल," साहेब म्हणाले. "लिहून द्या."

मी ऑफिसच्या कागदावर 'दोघांचे अंथरूण-पांघरूण, एकूण २.५००' असं लिहिलं, खाली सही केली. त्यांनी घडी घालून चिठ्ठी वरच्या खिशात ठेवली आणि गाठोडं खांद्यावर टाकलं. कार्तिकात दोघं निघाले.

ते साडेचार महिने मी कसे काढले, माझं मला ठाऊक. रोज सकाळी देवापुढे एकच मागणं, साहेबांची पाठ सांभाळ. कोपऱ्यावरून पोस्टमन दिसला की मी दारात जाऊन उभी राहायचे. तीन पोस्टकार्डं आली. तिन्हींवर साहेबांचा एकच मजकूर. 'सर्व ठीक. पाठ ठीक. थंडी आहे.' तिसऱ्याखाली वहिनींच्या वाकड्या अक्षरात, 'खूप चालले गं.' ते वाचून मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडले. सगळ्यांना वाटलं, माझ्या घरी काही झालं.

वहिनींना त्यानंतर तीन वर्षं मिळाली. शेवटचं वर्ष हालात गेलं. पण हॉस्पिटलातसुद्धा नर्सला पकडून त्या परिक्रमेच्याच गोष्टी सांगायच्या. साहेब 'पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी' म्हणत बसले असते, तर वहिनींचे पाय घराबाहेर पडलेच नसते.

पण मला सांगायची आहे ती परत आल्याची दुपार. गुढीपाडव्याच्या आधीचे दिवस, ऑफिसात पंखे नुकते सुरू झालेले. दोघं दारात उभे. वहिनी उन्हाने काळ्याभोर झालेल्या, डोळ्यांत मात्र चमक. त्या बाकीच्या बायकांच्या घोळक्यात जाऊन बसल्या आणि सांगू लागल्या, "अगं, काय गाढ झोप लागायची! धाबळी अशी ऊबदार. हे मात्र रात्रभर पाय पोटाशी घेऊन." साहेब माझ्या टेबलाशी आले. गाल बसले होते. चालताना कमरेत किंचित वाकत होते, पण चालत होते.

"पाठ कशी आहे, साहेब?"

"दुखते. मोडली नाही." त्यांनी खिशातून ती चिठ्ठी काढली. घड्यांवर फाटलेली, पाण्याचे डाग पडलेली. "ही ऑफिसच्या कागदावर आहे. चुकीचा दाखला बाहेर राहू नये, म्हणून परत आणली."

मी उघडली. माझ्या अक्षरातल्या '२.५००' वर लाल पेन्सिलीची सरळ रेघ होती. शेजारी त्यांच्या अक्षरात '२.६५०', आणि खाली सही. सहीखाली तारीख होती. त्याच सोमवारची.

"साहेब... तुम्हाला कळलं होतं?"

"गाठोडं उचललं तेव्हाच. मुद्देमाल जागेवर ठेवलात ना?"

"ठेवला." मी चिठ्ठीची घडी घातली. "मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

साहेबांनी मागे वळून पाहिलं. वहिनी उजव्या हाताने हवेत नदीचं वळण काढून दाखवत होत्या, आणि सगळ्या बायका माना उंच करून बघत होत्या.

"बत्तीस वर्षं नोकरी केली, बाई," साहेब म्हणाले. "कुणाकडून काही घेतलं नाही. एवढे दीडशे ग्रॅम घेतले."